ऑगस्टचा प्रश्न

नगरपालिकेच्या अर्जावर दोनच चौकोन :
निवासी. व्यापारी.
मी दोन्हींत फुली मारली
आणि कारकुनाने अर्ज परत सरकवला, न बोलता,
खोटं नाणं सरकवावं तसा.

कुताइसीत, रिओनी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
एल्गुजाची भट्टी आहे. जमिनीत पुरलेला मातीचा रांजणच.
आतल्या भिंतीला तो कणीक थापतो,
कमरेतून ओणवा, पाय अधांतरी,
पहाटे चारपासून.
वरचं घर पडलं. भट्टी तेवढी राहिली.
आता तिच्या डोक्यावर मला चार मजले उभे करायचेत :
खाली पाव, चपला शिवणारा वाझा, औषधांचं दुकान,
वर अकरा बिऱ्हाडं.

पहिल्या रात्री मी खूश होते.
धुराड्यातून फुकट जाणारी ऊब
भिंतीत वळवली, जिन्याशी आणली,
लाल पेन्सिलीने वर चढवली,
पाहुण्याला घर दाखवतात तशी
प्रत्येक दाराशी थांबत.
जुन्या घराच्या धड विटा मोजल्या : सहा हजार चारशे.
तुळया तपासल्या, छपरावर पावसाची टाकी बसवली.
हिशेब जुळला.

मग बैठक झाली, भट्टीपाशीच, पिठाच्या पोत्यांवर.
तिसऱ्या मजल्यावर येणारी दारेजान,
जन्मभर भूगोल शिकवलेली,
नकाशा उलटा धरून बराच वेळ बघत राहिली.
मी काही बोलले नाही.
मग म्हणाली, "जानेवारी छान जमलाय, पोरी.
आणि ऑगस्ट?"

एल्गुजा हसला. पाव काय, ऑगस्टातही लागतो.

अकरा घरांच्या उशाशी
मी भर उन्हाळ्यात शेकोटी बांधली होती
आणि खाली लिहिलं होतं "शाश्वत",
सुवाच्य अक्षरात.

घरी येऊन खोडलं. कागद एका जागी विरला.
लाल रेघेला मधेच एक झडप दिली,
झडपेला दांडा, दांड्याला जागा :
जिन्याखाली, कुणाचाही हात पोचेल अशी.
उन्हाळ्यात ऊब वळेल मागच्या खोलीकडे,
तिथे दोऱ्या : धुणं, पुदिना, सफरचंदाच्या चकत्या.

पण दांडा फिरवायचा कुणी? कधी?
मे महिन्यात वाझाला घाम फुटेल
तेव्हा वर कुणाला अजून शाल लागत असेल.
भांडतील.
म्हणून जिन्याखाली एक दिवा काढला
आणि एक बाक, दोघांपुरता.
जरा वेळाने तो लांब केला.

अर्ज टेबलावर तसाच आहे.
दोन चौकोनांच्या मधे जी बारीक रेघ
तिच्यावरच या वेळी फुली मारली आहे.
उद्या जाईन. सोबत पाव नेईन, गरम,
लाच म्हणा हवं तर.