धडा

मार्केट यार्डात कुणाचं पिवळं कुणाला दिसत नाही.
हमालांच्या भुवया पिवळ्या, चहाचे पेले पिवळे,
पावतीवरचा माझा अंगठा पिवळा.
त्यात तोळ्याचे डोळे पिवळे झाले
तर मी म्हणालो, हळदीच्या थप्पीवर झोपतो, दुसरं काय.

पिल्लू असताना काट्यावर येऊन बसला होता,
म्हणून तोळा.
यंदाच्या थंडीत त्याचा मागचा पाय आखडला.
माझ्या गुडघ्याची गोळी खिशात होतीच.
अर्धी त्याला, अर्धी मला,
गुळाच्या खड्यात दाबून, सकाळ-संध्याकाळ.
चालायला लागला.
हैबती तांबोळ्याला मी ऐटीत सांगितलंसुद्धा,
औषध लागू पडलं.

मग भाकरी तशीच राहायला लागली.
मग गोदामामागं फरशीवर लघवी केली त्यानं,
काढ्यासारखी, गर्द.
दोन बादल्या ओतल्या तेव्हा कळलं,
हे काही हळदीचं नाही.

मिरजेला रिक्षानं नेला.
मुजावर डॉक्टरीणबाईंनी ओठ उचलून हिरड्या दाखवल्या,
कानाची आतली बाजू दाखवली.
जिथं हळद पोचत नाही तिथंही पिवळं.
म्हणाल्या, यकृताला लागलंय.
पित्त साकळलंय, बारीक नळ्यांतून उतरत नाही,
रक्तात मिसळतंय.
मी विचारलं, यकृत म्हणजे काळीज ना?
आमच्याकडं खाटकाच्या दुकानात तेच म्हणतात.
हो, तेच.
काय दिलं होतं याला?
मी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली,
दहातल्या दोन उरलेल्या.
बाईंनी ती उलटी करून वाचली आणि काही बोलल्या नाहीत.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याला काट्यावर उभा केला. अठरा किलो दोनशे.
एकतीस वर्षं मी तोलार आहे.
बारदान वजा केल्याशिवाय पोतं लिहिलं नाही,
धडा केल्याशिवाय काट्याला हात लावला नाही,
आणि गोळी मोडली ती नखानं, अंदाजानं,
माझ्या गुडघ्याच्या मापानं.

आज सलाईनचा सहावा दिवस.
बाई म्हणतात, काळीज पुन्हा भरून येतं कधी कधी.
दोनदा म्हणाल्या, कधी कधी.
पहाटे मी नखांत साबण घालून हात घासतो,
पहिल्या बसनं मिरज गाठतो,
त्याचा ओठ उचलून बघतो.
कालच्यापेक्षा फिकं आहे का?
हे काही तोलता येत नाही.
तोळा माझं बोट चाटतो.
कितीही घासलं तरी
थोडी हळद राहतेच तिथं.