रकाना दुसरा

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात, जुन्या इंदुरात,
खान नदीच्या उतारावरची दारं मी वाजवत फिरले.
शाळेला सुट्टी, म्हणून मास्तरणींना सरकारी काम.
काखेत सुभा कचेरीची वही,
हातात दौत, सांडू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली.

रकाना पहिला : घर नंबर.
दुसरा : नाव.

"गुलाबची आई लिहा."
"मुकुंदाच्या घरातलं माणूस, झालं."
"आम्हांला काय विचारता, ते गिरणीतून आले की सांगतील."
एक तर दाराआडून नुसत्या बांगड्या वाजवून गेली.

नवऱ्याचं नाव घ्यायला त्यांच्याकडे उखाणे होते,
चांदीच्या वाटीचे, केळीच्या पानाचे,
डोहाळजेवणाचे वेगळे, संक्रांतीचे वेगळे.
स्वतःचं नाव घ्यायला एकही नव्हता.
आणि घ्यायचं तरी कुठलं?
तांदळाच्या ताटात अंगठीनं कोरलेलं,
की त्याआधीचं,
जे माहेरच्या खुंटीला लावून आल्या?

पायाला चटके बसू लागले की मला सातवीचा वर्ग आठवे.
अमेरिकेतल्या बायका, बहात्तर वर्षं मत मागत राहिलेल्या.
राष्ट्राध्यक्षांच्या फाटकाशी बर्फात उभ्या,
हातात फलक, तोंडातून शब्द नाही.
तुरुंगात अन्न सोडलं तर नळीनं नाकावाटे ओतलेलं.
हे मी रंगवून सांगत असे.
त्यांच्याच मिरवणुकीत काळ्या बायांना म्हटलं होतं,
तुम्ही शेवटी चाला.
जाड पुस्तकात ही ओळ होती.
वर्गात मी ती गाळत असे.

मोघे साहेब म्हणाले, "पुलापलीकडची झाडूवाल्यांची वस्ती
शेवटी करा. वेळ उरला तर."
मी मान हलवली.
दोन रात्री ती गाळलेली ओळ झोपू देईना,
तेव्हा गेले.

आणखी एक सांगत असे मुलींना :
पहिल्या सभेला हातमोजे शिवणारी एक पोर गेली होती.
तिथं सही केलेल्यांपैकी, मत मिळालं त्या साली
ती एकटी जिवंत होती.
मतदानाच्या दिवशी आजारी. अंथरूण सोडवेना.
मुली विचारत, "मग बाई, तिचं मत गेलं कुठं?"
घंटा होई. बरं वाटे.

गुलाबची आई पोलक्याला बाह्या लावत होती.
ओठांतली सुई काढून म्हणाली,
"पार्वती नका लिहू. ते इथलं.
मंडलेश्वरला, नर्मदेकाठी जन्मले मी. रेवा.
तीस वर्षांत कुणी हाक मारली नाही त्या नावानं.
लिहा, पण हळू."
वाचता येत नव्हतं तिला,
तरी शाई वाळेपर्यंत बघत राहिली.

मग बावन्न साल, पौषातली थंडी.
यादीत मी माझं नाव शोधलं.
मी दुसऱ्यांच्या दारात असताना
माझ्या दारात दुसरे कुणी मास्तर येऊन गेलेले.
सासूबाईंनी सांगितलं होतं,
"दत्तोपंतांची सून. शाळेत शिकवते ती."
मसुद्यात त्यावर लाल रेघ. अपूर्ण, सबब वगळले.
छापील यादीत तर ती रेघसुद्धा नाही.

शाळेच्या पायरीवर रेवा भेटली.
सुईनं चाळण झालेलं बोट, त्यावर शाई.
"कागद पेटीत टाकला, पण आवाजच नाही आला हो.
पोचला असेल ना?"
"पोचला."
"तुम्ही टाकलं?"
मी यादीचं सांगितलं.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली,
"तुमचं नाव काय, बाई?"

शाळेत बाई. घरी सूनबाई, काकू, अहो.
मला थांबावं लागलं.
ताटातलं आधी ओठांवर आलं, ते गिळलं.
मागचं शोधून बाहेर काढलं,
"लिहून ठेव," म्हणाले, उगाच, हसायला.

"हौ," म्हणाली,
"मला कुठं लिहिता येतं?
लक्षात ठेवते."