काल माझा चुकला

कुबल बाई वर्गात शिरताना चपला दाराबाहेर काढत,
म्हणून आम्हीही काढायचो.
कुणी सांगितलं नव्हतं.

नववी ब. खिडकीपलीकडे सुरूचं बन,
त्यापलीकडे रापण ओढणारी माणसं
दोन दोरांवर वाकलेली.
फळ्यावर समीकरण सोडवता सोडवता बाई थांबत,
"पुढची पायरी मला सुचत नाहीय. कुणाला दिसतेय?"
पहिल्यांदा आम्ही हसलो.
मग शमा मुजावर उठली, खडू घेतला,
आणि तिचंही चुकलं.
"बरं झालं," बाई म्हणाल्या,
"आता आम्ही दोघी आहोत. तिसरं कोण येतंय?"

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर
'नेतृत्वाचे दहा गुण' असा तक्ता होता.
सातवा गुण वाळवीने खाल्लेला.
तो कोणता, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचे
दोनशे चाळीस रुपये डब्यातून गेले.
खिडक्या लावायला मागे थांबायचा तुळाजी पराडकर,
पहाटे रापणीवर जाऊन तसाच शाळेत येणारा,
कोपराला खवलं चिकटलेली.
"तुळाजी, डबा तू उघडलास?"
बाईंच्या आवाजात प्रश्नचिन्ह नव्हतं.
तो बाकाच्या कडेचं लाकूड नखाने सोलत राहिला.
आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा झाली, "सावधान" झालं,
आणि बाई पायरीवर चढल्या.
"काल चाळीस मुलांसमोर मी तुळाजीवर आळ घेतला.
म्हणून आज चारशे मुलांसमोर सांगते.
पैसे माझ्याच हजेरीवहीत होते.
दमट लागतील म्हणून मीच ठेवले, मीच विसरले.
चूक माझी."
घाईत होते, म्हणाल्या नाहीत.
डोकं दुखत होतं, म्हणाल्या नाहीत.
खाली उतरल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या,
जिथे त्या रोजच उभ्या राहत.

डब्याची किल्ली त्यांनी तुळाजीपुढे धरली.
तो म्हणाला, नको.
"बरं. विचार कर."
पंधरा दिवस किल्ली टेबलावर पडून होती.
सोळाव्या दिवशी त्याने घेतली
आणि वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिला,
पै न पै, वाकड्या अक्षरात,
रोज.

याला आता बावीस वर्षं झाली.
काल रविवार म्हणून लेकीला घेऊन किनाऱ्यावर गेले होते.
जाळं आत आलं होतं, बांगडा चमकत होता,
पण वाटे कुणी घालत नव्हतं.
रापणीचा तांडेल वाळूत उभा,
केस पांढरे, कोपराला तीच खवलं.
"आयका रे," तो म्हणाला,
"काल वाटे घालताना माझा चुकला.
येसूकाकीचो वाटो ऱ्हवलो.
तिना सांगल्यान, मीया आयकलंय नाय.
आज पयलो वाटो तिचो, आणि कालचो माझ्यातलो."
येसूकाकी दोराच्या शेपटाला बसली होती.
"बस झाला रे, तुळाजी," म्हणाली,
आणि टोपली पुढे सरकवली.
बाकी कुणी काही बोललं नाही.
दोन पोरं, मिसरूड फुटलेली,
दोराची वेटोळी घालता घालता
त्याच्याकडे बघत होती.

लेकीने विचारलं, "आई, हा कोण?"
"माझ्या वर्गात होता."
एवढंच सांगितलं. ती यंदा नववीत आहे.

तालुक्याच्या कचेरीत आम्ही तेरा जण.
खुर्ची माझी.
गेल्या आठवड्यात नकाशा चुकला तो माझ्या सहीने,
आणि सगळ्यांसमोर बोलले मी राऊळला.
तोही टेबलाच्या कडेकडेच बघत होता.

बांगडे घेतले.
सुटे परत देताना तुळाजीने दोनदा मोजले.

आज सोमवार.
जिन्यावर राऊळची छत्री ठिबकतेय,
म्हणजे तो आलाय.