खुंटी

दहावीचा शेवटचा पेपर संपला त्या शनिवारी
आम्ही चौघं घरी एकच खोटं बोललो,
वेगवेगळ्या शब्दांत.
मी म्हटलं, पावागढ, शाळेची सहल.
हेरंबने एनसीसी सांगितलं. झुबेरला कुणी विचारलंच नाही,
वाडीतल्या त्याच्या अब्बांच्या पंक्चरच्या दुकानातून
ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब गेल्या, एवढंच.
फाल्गुनी काय बोलली ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

मही तेव्हा उन्हाळ्याची, पोटाशी पाय घेऊन निजलेली.
दोन्ही अंगांना कोतरांच्या मातीच्या भिंती,
वर गांडा बावळ, खाली आम्ही,
बांबू, नायलॉनची दोरी, पिवळ्या पिशवीत लीलो चिवडा
आणि दर वळणावर हेरंबची घोषणा:
आता इथून पुढे नकाशा संपला.
नकाशा नव्हताच. एसटीच्या वेळापत्रकामागे
पेनाने काढलेली एक वाकडी रेघ होती.

दुपारी काठावरचं एक लाकूड
डोळे उघडून पाण्यात उतरलं.
कुणी ओरडलं नाही.
आठही पाय ट्यूबवर ओढून घेतले
आणि बराच वेळ एकमेकांचे गुडघे मोजत बसलो.

संध्याकाळी वाळूच्या बेटावर मुक्काम.
फाल्गुनीने बाभळीची काटकी सोलली,
वेणीची लाल रिबीन तिला बांधली
आणि पाण्याच्या कडेला, अगदी कडेला, रोवली.
हे काय, देवीची ध्वजा? हेरंब हसला.
मीही हसले. माझं हसू जरा लांबलंच,
हेरंबने माझ्याकडे बघावं म्हणून.
ती म्हणाली, मारा मामा नहेरखातामां छे.
आणि चपला उशाला घेऊन झोपली.

रात्री पाणी काही न बोलता आलं.
कुठेतरी वर कुणी एक चाक फिरवलं असेल,
रजिस्टरात वेळ लिहिली असेल, चहा प्यायला असेल.
इथे पाठीखालची वाळू
थोडी गार झाली.

ऊठ. ऊठ ने. खुंटी गई.
टॉर्चच्या पिवळ्या वर्तुळात
रिबिनीचं टोक तेवढं वर, जिभेसारखं.

संध्याकाळी घोट्याला लागलेली धार
आता कमरेला, मग बरगड्यांना.
बांबू झुबेरच्या हातात, बांबूला फाल्गुनी,
फाल्गुनीच्या ओढणीला मी.
दुपारी पाहिलेला तो आत्ता कुठे असेल,
हे सगळ्यांच्या डोक्यात
आणि कुणाच्याच तोंडात नाही.

शेवटी होता हेरंब. तो मागे वळला.
ट्यूब राहिल्या, झुबेरचे अब्बा मारतील, म्हणाला,
आणि पुढचं वाक्य अंधाराने काढून घेतलं.

कोतराची माती आम्ही नखांनी चढलो.
वर बसून त्याला हाका मारल्या, आधी पूर्ण नावाने,
मग नुसतं हे, हे, मग नुसता आवाज.
पलीकडून एक टिटवी उत्तर देत राहिली.
झुबेर त्याला येत होतं ते पुटपुटत होता,
मी रामरक्षा मध्येच विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून.
फाल्गुनी मोजत होती. काय, ते विचारलं नाही.

उजाडलं तेव्हा तो समोरच्या काठावर
बाभळीच्या फांदीला मिठी मारून,
काट्यांनी दंड सोललेले, काखेत ट्यूब.
एकच.
हसायला हवं होतं. कुणाला जमेना.
पाणी उतरेपर्यंत तो तिकडे, आम्ही इकडे.
मधून वाहत गेलं सरपण, भोपळ्याचा वेल,
एक नवीकोरी प्लास्टिकची बादली, ताठ बसलेली.

बडोद्याच्या डेपोवर चौघं चार दिशांना गेलो.
पुढे अकरावी, वेगळ्या शाखा, वेगळे रस्ते.
हेरंब अजून भेटतो लग्नाबिग्नात,
मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट,
उकाड्याबद्दल बोलतो.
फाल्गुनीला मी काहीच म्हटलं नाही. सत्तावीस वर्षं.
म्हणायला बसले की
काटकी सोलणारे हात तेवढे समोर येतात.

त्या संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी
आईने माझ्या पायांकडे पाहिलं.
चपला?
बसमध्ये राहिल्या.
ती पुढे काही बोलली नाही.
सोमवारी नव्या आणल्या,
एक नंबर मोठ्या.