सुरळी

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी
सुदामा नगरात, पाण्याच्या टाकीमागे,
ट्रकमधून अकरा पाम उतरले.
राजमहेंद्रीहून तीन दिवस आडवे पडून आलेले,
मुळांना गोणपाट, झावळ्या सगळ्या वर गोळा करून
सुतळीनं आवळलेल्या,
ओले केस कुणी घाईत वर बांधावेत तशा.

भेरुलाल म्हणाला, बाईजी, सुतळी सोडायची नाही.
खाली पाय रोवेपर्यंत
यानं वर हात पसरायचे नाहीत.
मी ते वहीत उतरवलं.
एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली,
कुणी काही सांगितलं की तारीख घालून लिहायची सवय.

नर्मदा इथे एक दिवसाआड येते,
सकाळी सहा ते पावणेसात.
आधी पिंप, मग बादल्या, मग घागर,
मग उरेल ते पाइपनं अकरा आळ्यांना.
सातवा माझ्या फाटकासमोर.
त्याला जरा जास्त.
जरा जास्त म्हणजे तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
दुपारी भांडी विसळल्यावरचं,
आणि पारा बेचाळीसवर गेला त्या दिवशी
फ्रिजमधली एक अख्खी बाटली.

पुण्याहून लेक म्हणाली,
आई, एक दिवसाआड केलंस तरी चालेल गं.
ती फोनबद्दल बोलत होती.

इथली माती काळी.
वर भेगा, करंगळी जाईल एवढ्या,
आणि हातभर खाली पाणी बसून राहतं,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
मला हे माहीत असायला हवं होतं.
ह्याच मातीत आमचा ओटा दोनदा खचला.

मेच्या मध्यावर भेरुलालनं
शेंड्यातली कोवळी सुरळी
दोन बोटांत धरून हलकेच ओढली.
ती आली.
वीतभर पांढरी, बुडाशी तपकिरी,
आणि डोशाचं पीठ चार दिवस विसरलं की येतो तो वास.
"गयो," तो म्हणाला.
मग माझ्याकडे न बघता, खुरप्याची माती झटकत,
"पाणी घणो हुई ग्यो."

आमच्या फॉर्मात नुकसानीच्या कारणांचे
चौदा रकाने होते.
आग, पूर, दंगल, वीज, चोरी,
मालकाचा निष्काळजीपणा.
संध्याकाळी वही उघडून
पेनचं टोपण लावत-काढत बसले.
फक्त 'सातवा' लिहिलं आणि पान कोरं सोडलं.

अकराव्याकडे मी कधी गेलेच नव्हते.
तो कोपऱ्यावर, इक्रामच्या पंक्चरच्या दुकानापाशी.
तिथे रात्री दुकान बंद करताना
ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं काळं पाणी
इक्राम त्याच्या आळ्यात उलटं करतो, बास.
बांबू खोडाला घासतो असं दिसल्यावर
मधे जुन्या ट्यूबची पट्टी घातली त्यानं,
खिळा न मारता.
मी विचारलं, कुणी शिकवलं?
तो म्हणाला, आंटी, शिकवायचं काय त्यात,
साल सोलत होती ना.

सातव्याच्या शेंड्यात, जिथे सुरळी होती त्या भोकात,
भेरुलालनं मोरचूद आणि चुना कालवून ओतला.
निळं झालं सगळं.
कधीकधी परत फुटतं, म्हणाला, कधीकधी नाही.
किती दिवसांनी?
त्यानं हात झटकले.
मी तारीख लिहिली.

श्रावणात बाकीच्यांच्या सुतळ्या कापल्या.
गंमत म्हणजे झावळ्या लगेच पडल्या नाहीत,
दोन-तीन दिवस तशाच वर, मिटलेल्या,
कुणी सांगितलंच नसावं त्यांना.
मग एका सकाळी दूधवाला म्हणाला,
मॅडम, रस्ता अरुंद झाला की काय?

सातव्यात काहीतरी आहे.
बोटाएवढं, वाकडं, दुमडलेलं,
मोरचुदानं कडा निळी.
पान आहे की जुन्याच सडक्याचा तुकडा वर आलाय,
स्टुलावर चढूनही कळत नाही.
ओढून पाहिलं तर कळेल.

आज नर्मदा आली.
सवयीनं बादली भरून फाटकापर्यंत नेली,
खाली ठेवली, कडी काढली.
इक्राम शटर वर करत होता, त्यानं पाहिलं.
मी कडी लावली
आणि बादली परत नेऊन पिंपात ओतली.
पिंप भरलेलंच होतं.
सगळं पायांवर आलं.