बिनबटणाचा झगा

दियारबकिरच्या जुन्या बाजारात
कल्हईवाल्याच्या शेजारी माझं दुकान.
चाळीस वर्षं वकिलांचे झगे शिवतोय.
गळपट्टी लाल, बाकी काळं.
बटण नाही. कोणासमोर लावायचं?
खिसाही नाही. मग गरम काय करणार?
हे वडिलांनी सांगितलं, टाचण्या ओठांत धरून,
त्यामुळे तेव्हा अर्धंच कळलं.

मंगळवारी झोझान वकील झगा टाकून गेली.
"खालून दोन बोटं वर घ्या, उस्ताद,
कोर्टाच्या जिन्यात पाय अडकतो."
बुधवारी पहाटे तिला नेलं.
गुन्हा एवढाच की आधी ज्यांना नेलं होतं
त्यांची ती वकील.

एका न्यायाधीशाने तिला सोडलं.
संध्याकाळी सुटका, रात्री पुन्हा अटक,
शुक्रवारी त्याची बदली, बर्फातल्या कुठल्याशा गावी.
जाताना दुकानात आला. कोट पुढे केला,
"बटण निघालंय."
मी सुई ओवायला घेतली. दोरा दोनदा चुकला.
"राहू दे," तो म्हणाला, "उघडाच बरा."
न केलेल्या कामाचे पैसे ठेवून गेला.

परवा तिची आई आली.
"वाळलीय पोर. खांद्यातून आत घ्या."
मी माप विचारलं.
तिने दोन्ही हात हवेत धरले,
जवळ आणले, पुन्हा थोडे लांब.
"मध्ये काच असते हो. अंदाजानं सांगतेय."

खांद्यांना मी कात्री लावली नाही.
फक्त खालून दोन बोटं दुमडली,
कच्चा धावदोरा घातला.
आली की जिन्यात चालून बघेल.
मग पक्की टीप.