गोल पिनचा

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत
हिंदुराव मिस्त्रींच्या पॅटर्न शॉपमध्ये
सागवानी भुश्श्याखाली एक डेस्कटॉप आहे.
त्याच्या पोटात साडेसातशे ड्रॉइंगं :
पंपांची घरं, व्हॉल्वची तोंडं,
आणि एका घंटेचं,
जी करून घ्यायला कुणी परत आलंच नाही.

सोमवारच्या सुट्टीत लाईट गेली, मंगळवारी आली.
मशीन सुरू झालं नि अडलं.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं :
कीबोर्ड सापडत नाही.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

मिस्त्री चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"म्हंजे कुलूपच म्हणतंय,
किल्ली हरवलीया, तवा किल्ली लावून उघड."
मी हसलो.
दुपारी दोनपर्यंत हसत होतो.

पुढचं भोक, मागचं भोक.
कीबोर्ड उलटा धरून थोपटला :
भुसा, टाचणी, सुपारीचं एक खांड.
शाहूपुरीतून नवा आणला, सहाशेचा,
त्याचे दिवे लागले, विझले,
आणि तोही मुका.
बोर्डावरचा बटण-सेल काढला, नवा बसवला.
तेव्हा कळलं :
जुना सेल मेला तसं मशीन सगळं विसरलं होतं,
तारीख, वेळ,
आणि चपट्या पिनचा कीबोर्ड ओळखायचा असतो हेही.
ते शिकवायची जागा सेटिंगमध्ये आहे.
सेटिंगमध्ये जायला कीबोर्ड लागतो.
आता त्याला ठाऊक होती फक्त
पाठीवरची ती जांभळी गोल खोबण.

लक्ष्मीपुरीत भंगारवाला इलाही म्हणाला,
"गोल पिनचा? किलोवर गेले की भावा सगळे.
माऊस पायजे तर दोन हाईत."

संध्याकाळी मिस्त्रींची मेव्हणी आली, कुमुदिनीताई,
केएमटीतून, काखेत उशीचा अभ्रा.
अभ्र्यात कीबोर्ड.
बिंदू चौकात अकरा वर्षं तिचं डीटीपी होतं,
लग्नाच्या पत्रिका, दहाव्याची कार्डं, तालमीची पावती पुस्तकं.
मोबाईलवर पत्रिका फिरायला लागल्या तसा गाळा सोडला.
बटणांवर मराठी स्टिकर :
'श' पार पुसलेला, 'र' अर्धा,
श्री लिहून लिहून.
वरची एफची रांग मात्र कोरी करकरीत.

मी घाईघाईनं वायर खुपसली.
"आधी बंद कर बघू," ती म्हणाली,
"चालू मशीनला गोल पिन लावून उपयोग नसतो.
तुला शिकवलं न्हाई कुणी?"
न्हाई, मी म्हटलं.
खरं म्हणजे माझ्या बॅचला
त्या खोबणीचं फक्त चित्र होतं.

एक पिन वाकली होती.
मिस्त्रींनी चिमट्यानं सरळ केली,
श्वास धरून, जणू मूर्तीचं नाक.

बटण दाबलं.
पंखा फिरला.
कीबोर्डच्या कोपऱ्यात तीन हिरवे ठिपके.
टक टक टक टक टक
तिनं एफ-टू दाबत ठेवलं, पडद्याकडे न बघता,
नजर माझ्याकडे, वर हेही विचारत,
जेवलास का दुपारी.

निळा पडदा उघडला.
बाण खाली, खाली, उजवीकडे.
यूएसबी कीबोर्ड : बंद.
एंटर. चालू.
एवढंच होतं.
सहा तास, सहाशे रुपये, आणि एवढंच.

मग तारीख.
मशीनच्या मते साल दोन हजार आठ होतं,
एक जानेवारी, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं.
"तेव्हा माझी दोन मशिनं होती," ती म्हणाली,
आणि आकडा पुढे पुढे सारत आली,
एकेक वर्ष, एकेक टक,
एकदाही न थांबता.

वेळेसाठी तिनं भिंतीवर बघितलं.
ते घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं,
पोरं वेळेत यावीत म्हणून,
गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.
मी तोंड उघडलं, मिस्त्रींनी डोळ्यानं दाबलं.

एफ-टेन. सेव्ह.
तिनं वायर कीबोर्डभोवती गुंडाळली,
अभ्र्यात घातला.
विकता का, मी विचारलं.
"घंटेचं ड्रॉइंग दाव आधी," ती मिस्त्रींना म्हणाली.